थोडंसं चालावं लागतं

मराठी भाषेतला सर्वांत फसवा शब्द कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, 'थोडंसं'. दाताचा डॉक्टर म्हणतो, "थोडंसं दुखेल हं." गवंडी म्हणतो, "थोडंसंच काम राहिलंय." लग्नातला वाढपी "थोडंसं घ्या" म्हणत पानात अर्धी परात रिकामी करतो. पण या सगळ्यांवर वरताण करणारं एक 'थोडंसं' मला अमेरिकेत भेटलं, आणि त्याच्याविरुद्ध आज मी वाचकांच्या दरबारात रीतसर फिर्याद गुदरणार आहे.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव अमेरिकेत असतात. (पुण्यात हे वाक्य 'आमच्या नळाला पाणी येतं' याच्याइतकंच सामान्य आहे. किंबहुना जास्तच, कारण पाणी रोज येत नाही.) नातवाच्या शाळेला जुलैत सुट्टी होती, तेव्हा आम्हां उभयतांना फ्लॉरिडातल्या ओरलँडोला नेऊन 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' दाखवायचं त्यांनी ठरवलं. सौ.ने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "चालावं किती लागतं रे?" तिचा डावा गुडघा गेली सहा वर्षं आमच्या घरातला एक स्वतंत्र सदस्य आहे. कुठलाही बेत त्याला विचारल्याशिवाय ठरत नाही.

"थोडंसं चालावं लागतं, आई. बाकी सगळं बसूनच! होडीत बसायचं, आगगाडीत बसायचं, पाळण्यात बसायचं."

सौ.ने गुडघ्याकडे पाहिलं. गुडघ्याने संमती दिली. मी तर उत्साहाच्या भरात लक्ष्मी रोडवरून नवे कोरे पांढरेशुभ्र बूट घेऊन आलो. सहलीला नवे बूट नेणं म्हणजे परीक्षेला नवीन विषय घेऊन बसण्यासारखं आहे, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

आता 'थोडंसं' म्हणजे किती, ते ऐका. पहिल्या दिवशी रात्री सूनबाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहून जाहीर केलं, "२१,४०० पावलं! सुमारे चौदा किलोमीटर!" जणू मुलाला बोर्डात नंबर मिळाला. पुणेकरांच्या सोयीसाठी सांगतो : स्वारगेटहून कात्रजला चालत जायचं आणि बस समोर उभी असताना तिच्याकडे पाठ फिरवून चालतच परत यायचं, तेही जुलैच्या उन्हात. फ्लॉरिडाचा जुलै म्हणजे मुंबईचा मे महिना. दुपारी विजांसह धो धो पाऊस येतो, पंधरा-वीस मिनिटांत थांबतो, आणि मग ओल्या मोज्यांत उरलेले सात किलोमीटर.

यात डिस्नेसाहेबांचा दोष नाही. 'थोडंसं' हा शब्द त्यांना येतच नव्हता. जागा पाहिली तर कोणालाही अंदाज यावा. सगळी मिळून सुमारे शंभर चौरस किलोमीटर! आपली कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई सदुसष्ट-अडुसष्ट चौरस किलोमीटरची, म्हणजे ती आत ठेवून वर जागा उरते. त्यातला बराचसा भाग झाडी आणि पाणथळ आहे हे खरं, पण उरलेल्यात चार मोठाली उद्यानं आहेत. मॅजिक किंग्डम १९७१ चं, एपकॉट १९८२ चं, हॉलीवूड स्टुडिओज १९८९ चं आणि अ‍ॅनिमल किंग्डम १९९८ चं. एकेक पाहायला एकेक दिवस. चिरंजीवांनी चार दिवसांची तिकिटं आधीच काढली होती.

शिवाय माणसाला चालवायचं कसं, याचं शास्त्र डिस्नेसाहेबांना पक्कं ठाऊक होतं. रस्त्याच्या टोकाला काहीतरी उंच, झगझगीत उभं करायचं, म्हणजे माणसं आपोआप तिकडे ओढली जातात. अशा वस्तूला ते 'वीनी' म्हणत. वीनी म्हणजे सॉसेज. कुत्र्याला सॉसेजचा तुकडा दाखवत हवं तिकडे न्यावं, तसं! मॅजिक किंग्डममधला सिंड्रेलाचा १८९ फुटी राजवाडा हा असाच एक तुकडा. दारातून आत शिरलं की तो समोर दिसतो, 'हा काय, आलाच' असं वाटतं, आणि आपण चालू लागतो. आपल्याकडे गाजर दाखवतात, तिकडे सॉसेज. शाकाहारी माणूससुद्धा त्यामागे दिवसभर चालतो, ही त्यातली खरी कला.

आणि चालणं दडलेलं कुठे कुठे असतं पाहा. मॅजिक किंग्डमला आलात तर गाडी ठेवता ते ठिकाण म्हणजे उद्यान नव्हेच. तिथून चालत तिकिटांच्या ठाण्यावर, मग मोनोरेलने किंवा बोटीने तळं पार करून फाटकाशी. आत शिरल्यावर जी गोष्ट पाहायची ती उत्तरेला आणि तिची पाळी दोन तासांनी. मधल्या वेळात जी पाहता येते ती दक्षिणेला. तिथे रांग असते. नागमोडी. तिकिटाच्या खिडकीसारखी एका जागी उभी नव्हे, तर पंचेचाळीस मिनिटं मुंगीच्या पावलांनी पुढे सरकणारी. तिला चालणं म्हणावं तर घड्याळ मोजत नाही, उभं राहणं म्हणावं तर गुडघा ऐकत नाही. तेवढं केल्यावर होडीत बसायला मिळतं सात मिनिटं. "बाकी सगळं बसूनच" ते हेच! बाहेर पडायची वाट बहुधा दुकानातून जाते, म्हणजे नातवाचा हट्ट आणि आणखी दोनशे पावलं.

दुसऱ्या दिवशी एपकॉट. तिथे एका तळ्याभोवती अकरा देश मांडून ठेवलेत. मेक्सिकोतून निघालो, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, खुद्द अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड करत कॅनडात पोहोचलो. नुसता हा वळसा दोन किलोमीटरचा. आयुष्यभर जगप्रवासाचं स्वप्न पाहिलं होतं, पण तो पायी करावा लागेल असं वाटलं नव्हतं. आजही सौ.ला अकरा देशांतलं काय आठवतं विचारलं तर ती फक्त बाकं सांगते. "जपानचं बाक सावलीत होतं हो. इटलीच्या बाकावर आधीच कोणीतरी झोपलं होतं."

इथवर हसण्यावारी नेता येईल. पण त्या रात्री हॉटेलात मला जाग आली तेव्हा न्हाणीघराचा दिवा चालू होता आणि नळ सोडलेला होता. आत जाऊन पाहतो तो सौ. टबाच्या काठावर बसून सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसलेली.

"नळ कशाला सोडून ठेवलास?"

"हळू बोला. पलीकडे त्याला ऐकू जाईल. कण्हल्याचा आवाज येऊ नये म्हणून सोडलाय."

"मग उद्या जायचं नाही. मी सांगतो त्याला."

"अहो, खबरदार! केवढे पैसे घातलेत त्याने. आणि पुन्हा कधी येणार आहोत आपण?"

मी काय बोलणार? माझ्याही दोन्ही टाचांना नव्या बुटांनी रुपयाएवढाले फोड आणले होते, आणि मीही ते दिवसभर मोज्यात लपवले होते.

माझी खरी फिर्याद इथून सुरू होते. आरोपी तीन आहेत. पहिला आरोपी 'थोडंसं' म्हणणारा मुलगा. दुसरा, सहलीच्या पत्रकात 'आरामदायी' असा शब्द छापून किलोमीटरचा आकडा गाळणारा तमाम प्रवासी-व्यवसाय. आणि तिसरे, सर्वांत अट्टल गुन्हेगार म्हणजे आम्हीच. "पाय दुखतात का?" असं दिवसातून दहादा विचारलं गेलं, आणि दहादा आम्ही "छे छे, मुळीच नाही" असं हसतमुखाने सांगितलं. वर तो आमचा जन्मजात 'पैसे वसूल' बाणा! तिकीट रात्री दहापर्यंतचं आहे ना, मग साडेनऊला कसं निघायचं? बटाटेवड्याबरोबरची चटणी न सोडणारी जात आमची, आम्ही आतषबाजी सोडणार?

यावर आक्षेप येतील. एक म्हणजे, "चालणं तब्येतीला चांगलं." चांगलंच आहे. मी रोज सकाळी तासभर चालतो, पण त्यात बाक आहे, मित्र आहेत आणि शेवटी चहा आहे. दहा हजार पावलांचा तो प्रसिद्ध आकडासुद्धा काही वेदवाक्य नव्हे. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं होतं. तेव्हापासून तो आकडा जगाच्या मानगुटीवर बसला. आणि समजा तो खरा मानला, तरी आम्ही त्याची दुप्पट करत होतो.

दुसरा आक्षेप, "आपले वारकरी नाही का चालत?" चालतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पण वारीला निघणाऱ्या म्हातारीला कोणी 'थोडंसं' असं सांगत नाही. मुक्काम कुठे, विसावा कुठे, घाट कधी, हे सगळं आधी ठरलेलं आणि छापलेलं असतं. दमलेल्याने दमलो म्हणावं, यात तिथे कोणाला कमीपणा नाही. आम्हांला विसावा नको होता असं नाही. तो मागायची लाज होती.

खरं बोलला तो आमचा सहा वर्षांचा नातू. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, बूट हातात घेऊन तो दारात बसकण मारून म्हणाला, "मला आज कुठे नाही जायचं. मला हॉटेलच्या पूलमध्ये खेळायचंय. माझे पाय संपले."

खोलीत शांतता पसरली. मग चिरंजीव हळूच म्हणाले, "माझेही." बघतो तर त्यांच्या टाचेला पट्टी! सूनबाईंची कंबर धरलेली! दोन दिवस ते आमच्यासाठी चालत होते आणि आम्ही त्यांच्यासाठी. नातवासाठी म्हणून आणलेली ही सहल नातवालाच नको होती. त्या दिवसाचं तिकीट बुडालं. पैसे वसूल झाले नाहीत. आणि उभ्या प्रवासातला तो सर्वांत सुखाचा दिवस ठरला. सौ. पाण्यात पाय सोडून बसली, या वेळी दिवसाउजेडी आणि सर्वांसमक्ष.

चौथ्या दिवशी फाटकाशीच चाकांची खुर्ची भाड्याने घेतली. सौ.ने आधी कडाडून विरोध केला. "मला काय झालंय? ओळखीचं कोणी पाहिलं तर?" फ्लॉरिडात कोण ओळखीचं भेटणार, असं मी म्हणतो आहे तोच मागून खणखणीत मराठी आवाज आला, "अहो ताई, ही खुर्ची कुठे मिळते हो? मी दोन दिवस विचारायला लाजतेय." माणसं लाजत असतात ती एकाच वेळी सगळी, एकमेकांना न सांगता. एक बसला की दुसरा जागा विचारतो.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. जे कोणी आईवडिलांना असल्या ठिकाणी नेतील त्यांनी फोनवर आकडा सांगावा : दिवसाला बारा ते पंधरा किलोमीटर. दुपारी दोन तास परत खोलीवर आणावं, दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा, खुर्ची पहिल्याच दिवशी घ्यावी. आणि आईवडिलांनी बूट महिनाभर आधी घालून मऊ करावेत, आणि पाय दुखले की दुखले म्हणावं. मुलं काही नळाच्या आवाजाने फसत नाहीत. आमच्या चिरंजीवांनी नंतर कबूल केलं, त्या रात्री ते पलीकडे जागेच होते.

परवा आमचे शेजारी पेढे घेऊन आले. मुलाने मे महिन्यात ओरलँडोला बोलावलंय. मी त्यांना बसवून वरचं सगळं सविस्तर सांगितलं, किलोमीटर सांगितले, टाचेवरचे डागदेखील दाखवले. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि निघता निघता दारात वळून विचारलं,

"म्हणजे तसं थोडंसंच ना?"