एका शहराचे दोन कौल

अमेरिकेत निवडणूक झाली की नकाशा लाल-निळा रंगवतात आणि अख्खी राज्ये एका विचाराची ठरवून मोकळे होतात. आपल्या भिलाईला असा रंग लावून दाखवावा! डिसेंबर 2023 च्या छत्तीसगड विधानसभा निकालात पोलाद कारखान्याच्या सेक्टरांचा भिलाई नगर मतदारसंघ काँग्रेसच्या देवेंद्र यादवांकडे राहिला, तोही दीड हजाराच्या आतल्या फरकाने. लगतच्या वैशाली नगरात भाजपचे रिकेश सेन दणक्यात आले. शेजारच्या पाटणमध्ये तर काँग्रेसचे भूपेश आणि भाजपचे विजय बघेल हे काका-पुतणेच समोरासमोर होते, जिंकले काका. राज्यात मात्र भाजप 54, काँग्रेस 35. नकाशा हरलेल्यांची मते दाखवत नाही, म्हणून तो फसवा.