निदान निदान तरी करा

चौदा हजार शंभर रुपये. बॅटरी ५,२००, सेल्फची दुरुस्ती ३,८००, इग्निशन स्विच २,६०० आणि एकदा गाडी ओढून आणायचे २,५००. तीन महिन्यांत एवढे पैसे मी मोजले. गाडीचा खरा दोष मात्र जिथे होता तिथेच राहिला. तो निघाला तेव्हा बिल झालं ८५० रुपये.

हा लेख पैशाच्या दुःखातून लिहीत नाही. अंदाजाला निदान म्हणायची आपल्याला जी सवय लागली आहे, तिच्याविरुद्ध लिहितो आहे.

घर चंद्रपुरात, शाळा सावली तालुक्यात. गाडी जुनी, पेट्रोलची, सेकंड हँड घेतलेली. सकाळी पहिल्या चावीला सुरू व्हायची. पण मूलपर्यंत चालवून चहाला थांबलो, परत येऊन चावी फिरवली, की कधीकधी नुसता ‘टक’ असा आवाज आणि पुढे शांतता. अर्ध्या तासाने तीच गाडी काही झालंच नाही अशी सुरू. गॅरेजमध्ये नेली की तर अगदी शहाणी. दहा वेळा चावी फिरवा, दहाही वेळा सुरू.

पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली. आठ दिवस गाडी नीट चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्याने सेल्फ उतरवला, ब्रश आणि सोलेनॉइड बदलले. वीस दिवस नीट, मग पुन्हा ‘टक’. नंतर त्यानेच स्कॅनर लावला, कोड काही आला नाही, म्हणून इग्निशन स्विच बदलला. प्रत्येक वेळी एकच वाक्य ऐकलं, “आता हे टाकून बघू सर.”

टाकून बघू! औषध देऊन बघू म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही. गाडीच्या बाबतीत मात्र मान डोलावतो आणि पाकीट काढतो.

त्या ‘बघू’ची खरी किंमत एका रात्री कळली. गडचिरोलीच्या दवाखान्यातून अम्मींना घेऊन परत येत होतो. मूल सोडलं आणि चिचपल्लीच्या अलीकडच्या जंगलात त्यांना उमासे येऊ लागले. गाडी कडेला घेतली, बंद केली. पाच-सात मिनिटांनी चावी फिरवली तर ‘टक’. हा रस्ता वाघांच्या जंगलातून जातो. इथे “खाली उतरा, धक्का मारा” असं म्हणता येत नाही. काचा वर करून आम्ही पस्तीस मिनिटं बसलो. अम्मी तसबीह फिरवत होत्या, मी दर पाच मिनिटांनी चावी फिरवत होतो. ट्रक बाजूने जात होते, थांबायला कोणी तयार नव्हतं. त्यांनी तरी का थांबावं? शेवटी गाडी आपली आपण सुरू झाली. पुण्या-मुंबईत असा दोष म्हणजे डोकेदुखी. चंद्रपूर-गडचिरोलीत तो जिवाशी खेळ आहे.

मूलमधल्या तिसऱ्या गॅरेजात आयटीआय झालेला एक तरुण भेटला. त्याने बॉनेट उघडायच्या आधी प्रश्न विचारले. “सर, सेल्फ फिरून राहिला की नाही, ते आधी सांगा.” मी गोंधळलो. त्याने समजावलं: गाडी सुरू होत नाही, हा एक आजार नाही, तीन आहेत. सेल्फ फिरतच नाही, तर वाट विजेची धरायची: बॅटरी, वायर, रिले, सोलेनॉइड. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोलचा पंप, स्पार्क, क्रँकचा सेन्सर किंवा इमोबिलायझर बघायचा. इंजिन पकडून लगेच बंद पडतं, तर ते प्रकरण तिसरंच.

मग गृहपाठ दिला. गृहपाठ, आणि तोही मास्तरला! एक वही ठेवायची. किती किलोमीटर चालली, किती वेळ उभी होती, ऊन होतं की नाही, आवाज कोणता आला, आणि चावी फिरवताना हेडलाइट मंद झाला की तसाच राहिला. एकोणीस दिवसांत ४१ नोंदी झाल्या. त्यात सहा वेळा नकार. सहाही वेळा गाडी तीसेक किलोमीटर चालून तापलेली, आणि सहाही वेळा हेडलाइट लख्ख.

हेडलाइटची ती नोंद वाचून तो म्हणाला, “मग बॅटरी बिचारी निर्दोष होती सर.” बॅटरी मेलेली असती तर चावी फिरवताच दिवे मंद झाले असते. दिवे लख्ख आहेत, म्हणजे वीज आहे, पण ती सेल्फपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी तापवून आणायला सांगितली, आणि तिने नकार दिला त्याच क्षणी मीटर लावला. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला. चावी फिरवताना तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं. दिसले चारच्या वर. इंजिनला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरचा बोल्ट खालून गंजलेला होता. गरम झालं की जोड सुटल्यासारखा, थंड झालं की पुन्हा धरलेला. घासून साफ केला, नवा लग लावला, पुन्हा मोजलं. ०.२ व्होल्ट. लगचे आणि बसवायचे ३५०, तपासणीचे ५००.

आता कळलं, आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांनी काही दिवस गुण का दिला. बॅटरी बदलताना आणि सेल्फ उतरवताना तीच वायर हलली होती. येता-जाता होणाऱ्या दोषाचा हाच फसवेपणा आहे: तो गेला म्हणजे सापडला असं होत नाही. ज्याने दोष हजर असताना मोजलं नाही, त्याला आपण काय दुरुस्त केलं हे सांगायचा अधिकार नाही. आणि स्कॅनरला कोड कसा मिळेल? ही जाड वायर गाडीचा कॉम्प्युटर बघतच नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. उर्दूत निदानाला ‘तशखीस’ म्हणतात, शब्दाचं मूळ ‘शख्स’च्याच घरातलं. गर्दीतून नेमका एक ओळखून काढणं, म्हणजे तशखीस. मराठीतला ‘निदान’ दुहेरी आहे, रोगाची ओळख आणि ‘किमान’. किमान एवढं तरी करा, असं हा शब्दच सांगतो.

गॅरेजवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. एक जण मला म्हणाला, “गाडी तीन दिवस ठेवली तर तुम्ही शिव्या देता. तपासायचे पैसे मागितले तर म्हणता, नुसतं बघायचे पैसे?” खरं आहे. आपण डब्यातल्या वस्तूचे पैसे हसत देतो, डोक्याचे देत नाही. मग दुकानदार वस्तूच विकणार. चार वर्षांच्या बॅटरीवर पहिला संशय घेणंही चूक नाही. पण संशय आला की मोजायचं. थांबलेल्या बॅटरीवर १२.६च्या आसपास, सेल्फ फिरताना साधारण १०च्या खाली नको, इंजिन चालू असताना १४च्या जवळपास. काही शे रुपयांच्या मीटरचं हे दोन मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट आपल्या घरातलीही. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांचं स्वयंरोजगारातलं मोठं प्रमाण नोंदलेलं आहे. आपल्या भागातल्या कितीतरी गॅरेजांत आपलीच मुलं काम करतात. ‘पंक्चरवाले’ म्हणून टोमणा मारणाऱ्यांचा राग येतो, यायलाच हवा. पण आपणही त्या मुलाला “शिकला नाही, म्हणून गॅरेजात गेला” म्हणतो, तेव्हा वेगळं काय करतो? प्रश्न विचारणं, नोंद ठेवणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, पुन्हा मोजणं, हे इल्म आहे. ते शाळेत आम्ही किती शिकवतो, हे मला विचारू नका. त्या मुलाला उस्तादाच्या हाताखाली नुसता पाना धरू देऊ नका. मीटर वाचायला शिकवा, आयटीआयला पाठवा.

आणि आपण ग्राहकांनी हे करावं. दुरुस्तीआधी विचारावं, काय मोजलं, किती आलं. तपासणीची मजुरी बिलावर वेगळी लिहून घ्यावी आणि न कुरकुरता द्यावी. बदललेला जुना भाग परत मागावा. दुरुस्तीनंतरचा आकडाही लिहून घ्यावा. सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण कोणताही हक्क “टाकून बघू”ला मान डोलावणाऱ्याच्या उपयोगाचा नाही.

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डात ती वही अजून आहे, सोबत जंपर केबल. निगेटिव्हपासून थेट इंजिनला ती केबल जोडली असती, तर त्या रात्री गाडी बहुधा पहिल्या मिनिटाला सुरू झाली असती. चौदा हजार शंभर रुपये घेणाऱ्यांपैकी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.