कॉमर्सवाला म्हणजे मार्क कमी पडलेला इंजिनिअर नव्हे!

मंडळी, आज थोडं कडू लिहितोय, राग मानू नका.

आपल्या पेडणे-डिचोलीच्या घरांत दहावीचा निकाल लागला की पहिला प्रश्न ठरलेला: "सायन्स ना?" पोर कॉमर्स म्हणाली की लगेच, "का गो, मार्क कमी पडले?" मी बंगळूरला एका कॉम्प्युटर कंपनीच्या 'स्पेशल सिस्टम्स' विभागात फायनान्समध्ये बरीच वर्षं काढली. सुट्टीत गावी आलो की ऐकायचो, "म्हणजे मशीन दुसरे बनवतात, तू नुसत्या वह्या लिहितोस!"

तर त्या वह्यांत काय असतं ते ऐका.

तयार कॉम्प्युटर विकणं त्या मानानं सोपं. सगळे नग एकसारखे, खर्च ठरलेला. स्पेशल विभागाचं तसं नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचं मशीन चांगलं, पण ते आमच्या कारखान्यातल्या यंत्रांना जोडून द्या." मग वेगळं कार्ड, वेगळं कॅबिनेट, बदललेलं सॉफ्टवेअर, नव्यानं चाचण्या. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनकडे यासाठी 'कॉम्प्युटर स्पेशल सिस्टम्स' नावाचा स्वतंत्र विभागच होता.

समजा, अशा एका कामात डिझाइनला 20 लाख लागले. दहा नग गेले तर प्रत्येकावर 2 लाख. विक्रीवाला दहाचं गणित धरून भाव देतो. "घेणारच ते दहा!" गिऱ्हाईक तीनवर थांबलं की वसूल झाले 6 लाख, 14 लाख आपल्या डोक्यावर. इंजिनिअरचं काही चुकलं नाही, मशीन झकास चाललंय, तरी काम तोट्यात. म्हणून सही करण्याआधी कुणीतरी विचारावं लागतं, "पुढचे सात नग नाही आले तर? डिझाइनचे पैसे वेगळे, आगाऊ घेऊया." असं विचारणारा माणूस मीटिंगमध्ये कुणालाच आवडत नाही. पण तो नुसता कारकूनही नव्हे.

आता डिचोलीकडे बघा. 2012च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. कर्जावर घेतलेले ट्रक दारोदारी उभे राहिले. पुढे 2018च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं 88 खाणपट्ट्यांचं काम पुन्हा बंद. सरकारवर, कंपन्यांवर बोलून झालं, तो राग खोटा नाही. पण हप्ते ठरवताना दर मोसमात माल निघणारच असं धरलं होतं. "नाही निघाला तर?" म्हणणाऱ्याला आपण अपशकुनी ठरवून गप्प केलं.

कुणी म्हणेल, हिशेब करून बंदी टळली असती काय? नसती. पण कुणी दोनाऐवजी एकच ट्रक घेतला असता, कुणी घर गहाण ठेवलं नसतं.

आज पेडण्यात तीच भाषा पुन्हा ऐकू येते. मोपाचा विमानतळ 2023च्या जानेवारीपासून चालू झाला. टॅक्सीला कर्ज, खोल्या बांधायला कर्ज. "पर्यटक येणारच!" येवोत बापडे. पण चार महिने नाही आले तर हप्ता कुठून भरणार, हे कागदावर किती घरांनी मांडलंय?

तेव्हा घरातल्या कॉमर्सवाल्या पोरीला मार्क विचारू नका. कर्जाचा कागद तिच्यापुढे ठेवा. ती "नाही आले तर?" म्हणाली की तिला गप्प करू नका. पुढचं ऐकून घ्या, मग सही करा.