दुसरी हार्ड डिस्क आणि जुना संगणक

विंडोज १० ची नेहमींची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली, तेव्हांपासून आमच्या केशोरीसारख्या आडवळणाच्या गांवांतही एकच प्रश्न ऐकूं येतो : घरांतील जुन्या संगणकाचें आतां करावयाचें काय? पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाहीं. मुलें म्हणतात, टाकून द्या. पण त्याच यंत्राच्या हार्ड डिस्कवर वंशावळ, वाटणीचे कागद, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें आणि कैलासवासी वडिलांचीं टिपणें असतात. आमचें मत असें कीं, जुन्या डिस्कवर कांहींएक न खोडतां यंत्रांत दुसरी डिस्क बसवावी, तीवर लिनक्स घालावें आणि यंत्र तिच्यावरून सुरू करावें.

बटण दाबलें त्या क्षणीं संगणकाच्या कार्यस्मृतींत कांहींच नसतें. तींत प्रणाली आणावयाची, पण आणणारा कार्यक्रमही डिस्कवरच! नैयायिक यास अन्योन्याश्रय म्हणतील. इंग्रजी भाषेंत आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःस उचलण्याची उपमा आहे, व 'बूट' हा शब्द तिच्यावरून रूढ झाला. तोड अशी कीं, मुख्य फलकावरील एका चिपेंत लहानसा कार्यक्रम कायमचा ठेवलेला असतो. १९८१ सालच्या आयबीएम पीसींत त्यास बायोस म्हणत; नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयनें घेतली. बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा खंड वाचून त्याच्या हातीं कारभार देई. यूईएफआय डिस्कवरील एका लहान स्वतंत्र विभागांत प्रारंभाची फाइल शोधतो. कोणत्या डिस्ककडे आधीं जावयाचें, तो अनुक्रम फलकावरच नोंदलेला असतो.

तो बदलणें सोपें. पण पुष्कळ लोक फसतात ते त्याच्या आधींच. दोन्ही डिस्का जोडलेल्या असतांना नवी प्रणाली घातली, तर तिच्या प्रारंभाच्या फाइली बहुधा जुन्या डिस्कच्याच विभागांत जाऊन बसतात. वरकरणी सर्व सुरळीत चालतें. पुढें जुनी डिस्क बिघडली अथवा काढली, कीं नवी धडधाकट असूनही यंत्र सुरू होत नाहीं. म्हणून प्रथम महत्त्वाच्या फाइलींची नक्कल बाहेरच्या डिस्कवर करावी, व ती उघडते कीं नाहीं हें पाहावें. मग वीज तोडून पेटी उघडावी, जुन्या डिस्कच्या तारा सोडवाव्या आणि नवीस माहितीची व विजेची अशा दोन तारा जोडाव्या. ती एकटी असतांना प्रणाली घालावी, यंत्र तिच्यावरून सुरू होतें याची खात्री करावी, आणि मगच जुनी पुन्हां जोडावी. नंतर यंत्र चालू होतांना एफ२ किंवा डिलीट ही कळ दाबून (कळ कंपनीपरत्वें निराळी) नवी डिस्क अनुक्रमांत वर आणावी. जुनी प्रणाली एखादे वेळीं हवी असल्यास एफ१२ सारख्या कळीनें तेवढ्यापुरती निवड करतां येते. त्यासाठीं अनुक्रम उलटसुलट करीत बसूं नये.

बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ आंकडी चावी आरंभींच कागदावर उतरवून कपाटांत ठेवावी. अनुक्रम बदलतांच यंत्र ती मागण्याचा संभव असतो. ती व नक्कल दोन्ही नसतील, तर वडिलांचीं टिपणें कायमचीं कुलपांत गेलीं म्हणून समजावें. एकत्र कुटुंबांत ही चावी निदान दोघांस ठाऊक असावी.

फलकावर सीआर२०३२ नांवाची ३ व्होल्टची चपटी बॅटरी असते. यंत्र महिनोन्महिने विजेपासून तोडून ठेवलें कीं ती लवकर खपते. मग घड्याळ मागें जातें आणि कांहीं यंत्रें अनुक्रमही विसरतात. अशा वेळीं जुनें विंडोज अचानक समोर आलेलें पाहून "नवी डिस्क गेली" असा घरांत गलबला होतो. तंत्रज्ञास बोलावण्यापूर्वीं बॅटरी बदलून पाहावी.

जुनें विंडोज उघडावें तें कागद पाहण्यापुरतेंच, आणि इंटरनेटची तार काढून. बँकेचे व्यवहार नव्या डिस्कवरूनच करावे.