लग्न हा स्किझोफ्रेनियावरचा उपचार नव्हे

समाजाच्या वधू-वर मेळाव्यांत मुलीचे वय, शिक्षण, उंची, नोकरी, मामाचे गाव, सारे काही माईकवरून सांगितले जाते. ती रोज रात्री घेते ती गोळी मात्र कोणी सांगत नाही. स्किझोफ्रेनिया हा आजार बहुधा अठरा-वीस ते तिशीच्या दरम्यान डोके वर काढतो. आपल्याकडे मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होण्याचे वयही नेमके तेच. त्यामुळे डॉक्टर शोधण्याच्या वेळी घर स्थळ शोधू लागते. ‘लग्न झाले की येईल ठिकाणावर,’ हे वाक्य आम्ही आमच्या वकिलीत इतक्यांदा ऐकले आहे की पक्षकाराने तोंड उघडताच पुढचे सारे कळते.

यात आईबापांना दोष देणे फार सोपे आहे. पोटची मुलगी आईने वाढलेल्या ताटात विष आहे म्हणून उपाशी राहते, मध्यरात्री कडी काढून रस्त्यावर जाते, भिंतीशी बोलते. बाप रोजंदारी बुडवून दाराशी बसतो. धाकटीला स्थळ येईना म्हणून घर धास्तावते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही मग गुपचूप कुठल्यातरी बाबाची वाट धरली जाते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तरीही फिर्याद द्यायला कोणी पुढे येत नाही, कारण फिर्याद दिली की मुलीचे नाव होते. बाबा झाला की उरते लग्न.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. मुलगी डी.एड. झालेली. औषधांवर तीन वर्षे नीट होती, शिकवण्या घेत होती. लग्न ठरले आणि घरच्यांनी गोळ्या बंद केल्या. का, तर वजन वाढले होते आणि पाळी चुकत होती. या आजारावरच्या काही औषधांनी असे होते हे खरे, पण डॉक्टरांना सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलता येते. ते विचारायला कोणी गेले नाही. सासरी तर गोळीचे पाकीट दिसण्याचीही चोरी. चौथ्या महिन्यात आवाज पुन्हा ऐकू येऊ लागले, सहाव्या महिन्यात नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली. त्या मुलाची फसवणूक झाली हेही आम्ही नाकारत नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहू. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम १२ नुसार महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवणुकीने संमती मिळवली असेल तर विवाह रद्द होऊ शकतो. फसवणूक कळल्यापासून एक वर्षात अर्ज करावा लागतो. घटस्फोटाच्या कलम १३ मध्ये तर १९७६ च्या दुरुस्तीने स्किझोफ्रेनियाचे नावच घातले गेले. याच कायद्यातून १९९९ मध्ये फेफरे वगळले, २०१९ मध्ये कुष्ठरोग वगळला. स्किझोफ्रेनिया मात्र जागच्या जागी आहे, आणि तोही जावा असे आमचे मत आहे.

असे असले तरी नुसत्या नावाने घटस्फोट मिळत नाही. रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या १९८८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आजाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता सिद्ध झाली पाहिजे. २०१३ मध्ये कोल्लम चंद्रशेखर प्रकरणात पतीला घटस्फोट नाकारला गेला. त्यातली पत्नी डॉक्टर होती आणि सरकारी नोकरीत काम करत होती. म्हणजे उपचार घेणारी, कामावर जाणारी स्त्री न्यायालयात ताठ उभी राहू शकते. लपवालपवीने तिच्या पायाखालची तीच जमीन काढून घेतली जाते. जो मुलगा सारे माहीत असून लग्न करतो त्याला उद्या फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. अशी लग्ने होतात आणि टिकतातही. मुलगी आजारी असली की लपवायचे आणि मुलगा आजारी असला की गरीब घरची सून आणून त्याची शुश्रूषा तिच्या गळ्यात घालायची, हा तर वेगळाच लेख होईल.

मग त्या घराने करायचे काय? लग्नाआधी डॉक्टर आणि लग्नातही डॉक्टर. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून अमलात आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा त्याने हक्क ठरवला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड नसले तरी, ते मोफत आहेत. उपचाराच्या निर्णयात आपल्या वतीने कोणी बोलावे हे रुग्णाने स्वतः ठरवायचे आहे, म्हणजे मुलीला विचारायचे आहे. ही गोष्ट घरोघरी विसरली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार समाविष्ट असल्याने प्रमाणपत्रही मिळू शकते, पण शिक्का बसेल म्हणून लोक ते घेत नाहीत. रात्री-बेरात्री विचारायला १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे.

राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. परभणीच्या किंवा नंदुरबारच्या मजुराने महिन्याच्या गोळ्यांसाठी तिथवर जावे काय? त्याच २०१७ च्या कायद्याने आवश्यक औषधांच्या यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत सदैव मोफत ठेवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. जयंतीच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या आमच्या मंडळांनी एकदा तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन ही यादी मागावी. औषध शिल्लक नाही असे सांगितले तर ते तारीख आणि सहीसह लेखी घ्यावे. तो कागद आम्हाला न्यायालयात लागतो.