छातीवरचे नाव कोणत्या लिपीत?

अंतराळवीराच्या पोशाखावर शिवलेले वीतभर कापडी बोधचिन्ह ही वरवर पाहता हौसेची बाब. परंतु राष्ट्रे हौसेतूनही बोलत असतात. अमेरिकेत ही प्रथा एका मनाईतून जन्मली. यानांना नावे ठेवण्यास नासाने बंदी केली, तेव्हा १९६५ साली जेमिनी-५ च्या गॉर्डन कूपर व पीट कॉनराड यांनी निदान चिन्ह तरी असू द्या, असा आग्रह धरला. पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतकारांची छपराची गाडी त्यांनी निवडली आणि तीवर ‘आठ दिवस, नाहीतर फजिती’ अशा अर्थाचे शब्द घातले. प्रशासक जेम्स वेब यांना ते रुचले नाहीत. शब्दांवर कापड शिवले गेले. साहेब सर्वत्र सारखेच!

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पहिली तुकडी २ नोव्हेंबर २००० रोजी शिरली. तिच्या चिन्हावर शेफर्ड यांचे नाव रोमन लिपीत, तर गिडझेन्को व क्रिकाल्योव्ह यांची नावे सिरिलिकमध्ये होती. तेव्हा सोव्हिएत संघ विसर्जित होऊन पुरती नऊ वर्षेही झाली नव्हती. रशियाची तिजोरी रिती होती. स्थानकाच्या ‘झार्या’ या पहिल्या भागाचा खर्चही अमेरिकेने उचललेला. तरी रशियनांनी लिपी सोडली नाही. २००३ च्या ‘कोलंबिया’च्या चिन्हावर सात तारे होते, त्यांतील एक इस्रायलसाठी मुद्दाम सहा टोकांचा काढला होता. इलान रामोन त्या यानातील एकमेव इस्रायली होते. एका माणसासाठी एवढी जाण ठेवली गेली.

१९८४ साली राकेश शर्मा सोव्हिएत सॅल्यूत-७ स्थानकावर गेले. २०२५ साली शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर पोहोचणारे पहिले भारतीय ठरले. दोघेही पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी, हे योग्यच. परंतु गगनयान आपले आहे, आणि २०३५ पर्यंत उभारावयाचे स्थानकही आपलेच असणार. तेथे यजमान आपण.

तेव्हा भारतीय अंतराळवीरांची नावे केवळ रोमन लिपीत का असावीत? तांत्रिक व्यवहार इंग्रजीत चालतो, असे उत्तर मिळेल. चालू द्यावा, चिन्ह म्हणजे यंत्राचा फलक नव्हे. शुक्लांचे नाव देवनागरीत, प्रशांत बालकृष्णन नायर यांचे मल्याळममध्ये, अशी प्रत्येकाची मातृलिपी त्याच्या छातीवर असावी. एका कापडावर भारताच्या अनेक लिपी शेजारी शेजारी बसल्या, तर चित्रात कमळ, चक्र, गरुड यांची गर्दी करण्याचे कारणच उरणार नाही. खर्च म्हणाल, तर थोड्या रंगीत दोऱ्याचा.