रेती चोरली जाते, मग चोरीचा गुन्हा का नाही?

तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी. या नद्यांच्या काठी आपली घरे, भाटे, देवळे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. आज त्याच काठांखालची रेती रात्रीच्या अंधारात विनापरवाना उपसली जाते. काठ ढासळतो, माडांची मुळे उघडी पडतात, खाजनाच्या बांधाला धोका पोहोचतो. आम्ही पोलीस स्थानकात फोन करतो, तर उत्तर ठरलेले : "हे काम खाण खात्याचे. तिकडे तक्रार द्या." खाण खात्याचे कार्यालय मध्यरात्री उघडे असते काय?

हे उत्तर कायद्याला धरून नाही, हे आम्ही ठणकावून सांगतो. खनिज कायद्याखाली न्यायालयात तक्रार फक्त नेमलेला अधिकारीच करू शकतो, हे खरे. पण सरकारच्या मालकीची रेती परवान्याशिवाय नेणे ही चोरीसुद्धा आहे, आणि त्या गुन्ह्याचा तपास पोलीस करू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिल्लीच्या संजय खटल्यात स्पष्ट केले. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच ठरले आहे.

राहिला हद्दीचा बहाणा. तेरेखोल नदी काही अंतर गोवा-महाराष्ट्राची सीमा आहे. म्हणून काय चोराला दोन्ही काठ मोकळे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते.

कारवाई झालीच, तर होडीवरचा परप्रांतीय मजूर सापडतो. होडीचा मालक, ट्रकचा मालक, रेती घेणारा बिल्डर कुठे असतात? आणि आपणही आरशात पाहू या. स्वस्त रेती दारात पडली, तेव्हा पावती मागितली का?

बंधु-भगिनींनो, यापुढे नुसता फोन नको. तारीख, वेळ, जागा, ट्रकचा क्रमांक लिहून अर्ज द्या, पोच घ्या. नोंद नाकारली, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. तेथेही दाद मिळाली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. हा हक्क त्याच कलमाने दिला आहे. एकट्याने जाऊ नका, गावातील चार जण मिळून जा. घरातली कळशी चोरीला गेली, तर पोलीस पंचनामा करतात. इथे नदी चोरीला जात आहे. पंचनामा झालाच पाहिजे!